दाराखालची जागा

पोलादपूर, सोमवार, १२ नोव्हेंबर १९३४

पोचलो एकदाचा! धरमतरपर्यंत बोट, पुढं सर्व्हिस मोटार, महाडला चहा, आणि महाडहून इथवर भाताच्या पोत्यांवर बसून. अंगाचा पार भुगा झाला, पण मन असं खूष आहे की काही विचारू नका. ही वही महाडच्या बाजारात घेतली. मुंबईच्या कारखान्यातले आमचे थोरले मिस्त्री सांगायचे, की यंत्राशी ज्याची गाठ त्यानं रोज दोन ओळी लिहाव्यात. सहदेव मिस्त्री म्हणवून घ्यायचं तर आजपासूनच लिहायला लागलं पाहिजे.

घर घाटाच्या रस्त्याला अगदी चिकटून, उतारावर आहे. वर राहतं घर आणि खाली जोत्याच्या पोटात मोटारखाना. मुंबईत आम्ही गॅरेज म्हणतो, इथं मोटारखाना. मालक मालोजीदादा, भातशेती पुष्कळ, माणूस मोकळा. राहीवहिनींनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. तिसरी भाकरी मी तोंडानं नको नको म्हणत होतो, ताट मात्र मागं ओढलं नाही.

त्यांची सहा वर्षांची बया खांबाआडून बघत होती. पोरगी गोड आहे, दोन दात पडलेत. तिनं मला एकच विचारलं, की तू दाराखाली निजतोस का. मला काही समजेना. दादा हसून म्हणाले, की कुशाबा निजायचा, तो तापानं आजारी होऊन दसऱ्याला तळीयेला आपल्या घरी गेलाय, आणि तो बरा होऊन येईपर्यंत मोटार आणि दार दोन्ही तुझ्याकडे.

येईपर्यंत! हे पत्रात नव्हतं. असो. एकदा माझा हात बघितला, की कुशाबाला कोण बोलावतंय?

मंगळवार, १३ नोव्हेंबर

आज दार बघितलं. रस्ता इतका जवळ की बाहेर उघडणारी दारं बसवायला जागाच नाही, म्हणून हे अख्खं सागवानी दार सरळ वर जातं. दोन बाजूंना खोबणी, वर दोन कप्प्या, कप्प्यांवरून दोन जाड दोर, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला दगडांनी भरलेल्या पेट्या. पेट्यांचं वजन दाराइतकंच. त्यामुळं एका हातानं दोरी ओढली की दार वर जातं किंवा खाली येतं, आणि जिथं सोडाल तिथं गप थांबतं. बनवणाऱ्याला माझा नमस्कार. पण दोर तुटला तर? तर चार माणसांनी उचलायचं हे धूड खाली कोण आहे ते बघणार नाही. आणि घराचा जिना उतरतो तो मोटारखान्यात, म्हणजे विहिरीला, बाजाराला, शाळेला जाणारं सगळं घर दिवसभर याच दाराखालून जा-ये करतं.

आता कुशाबाची तऱ्हा ऐका. स्वयंपाकाला ठमाबाई आहे, तीही तळीयेचीच, तिनं सांगितली. रोज सकाळी घरातलं कोणी खाली उतरायच्या आधी कुशाबा उंबरठ्यावर उताणा निजायचा. दोरी ओढून दार आपल्या छातीपासून एक वीतभर वर आणायचा आणि दोरी सोडून द्यायचा. बया पायरीवर बसून वीसपर्यंत मोजायची, एका श्वासाला एक आकडा. तोवर दार हललं नाही, की तो उठायचा आणि मग बाकीच्यांनी जायचं. आधी माझ्यावरनं, मग पोरीवरनं, असं म्हणायचा म्हणे. त्यात बयाला चौदा आठवत नाही. तेरा झाले की अडते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. हा बाबा तसाच पडून राहायचा.

मी पोट धरून हसलो. अहो, गोणपाटात पेंढा भरा, ठेवा दाराखाली, काम झालं! मी तसंच केलं. खडूनं जमिनीवर रेघ मारली, की दार हलत असताना मुलांनी रेघेच्या आत यायचं नाही. खोबणीत बोटं घालायची नाहीत, दोरीला लोंबकळायचं नाही, सगळं बयाला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग मी कुणासाठी मोजू.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

सकाळ संध्याकाळ कुशाबा! मोटार पुसली, तर वहिनी म्हणाल्या, की कुशाबा काचा तांदळाच्या पेजेनं पुसायचा. भोंगा वाजवला, तर दादा म्हणाले, की कुशाबा दोनदाच वाजवायचा. ठमाबाईचं तर विचारूच नका. कुशाबासारखा मानूस नाय गो बाय, हे ती भांड्यांनासुद्धा सांगते.

बयाला मी महाडहून आणलेली खडीसाखर दिली. तिनं निम्मी तोंडात टाकली आणि निम्मी कुशाबासाठी फ्रॉकच्या टोकाला बांधली. सहा वर्षांच्या पोरीच्या वीतभर फ्रॉकच्या टोकाला! मग तिला चौदा शिकवायला बसलो. तेराच्या पुढं चौदा, दहादा म्हणवून घेतलं. सगळं ऐकलंन आणि म्हणाली, की चौदा नको, चौदा आला की कुशाबा लवकर उठतो.

हो, जळतो मी. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू? मला आईबाप नाहीत, मुंबईच्या कारखान्यात मला कोणी नावानंही हाक मारत नसे, अरे ए म्हणायचे. इथं दोन दिवसांत वाटायला लागलं होतं, की या घरात आपलं काही होईल. आणि इथं बघतो तर जागा भरलेली.

सोमवार, १९ नोव्हेंबर

ठमाबाई दोन दिवस तळीयेला जाऊन आली. कुशाबाला उठवत नाही म्हणे, अन्न जात नाही. पण माझ्यासाठी सांगावा धाडलाय. डाव्या अंगाचा दोर बघा, कप्पीवर जिथं दडतो तिथं, पावसाळ्यात तिथं पाणी मुरलंय, तो बदला, असं तो तापातही पुन्हा पुन्हा सांगतोय. ठमाबाईनं हे दादांच्या देखत सांगितलं. मुद्दाम!

म्हणजे अंथरुणावर पडल्या पडल्या हा माझी परीक्षा घेणार, आणि दादांनी म्हणायचं, बघ, कुशाबाला तिथूनही कळतं. दादांनी विचारलं, बघितलास का दोर. मी म्हणालो, बघितला, उत्तम आहे, अजून दोन वर्षं चालेल.

शिडी लावली नाही. खालून दिसतो तेवढा दोर बघितला. चांगला आहे.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

आज संताप संताप झाला. सकाळी तोंड धुऊन मोटारखान्याकडे येतो, तर बयाचा आवाज. पायरीवर बसून मोजत होती. अकरा, बारा, तेरा, मग थांबली, मग पुन्हा एक. आणि दार उंबरठ्यापासून माणूस मावेल एवढं वर, गप उभं. काल मी स्वतः खाली आणून कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या कडदोऱ्याला. कुलूप कड्यात तसंच, बंदच्या बंद.

दाराखाली कोणी नव्हतं. पण उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना रस्त्याची तांबडी धूळ बसते, ती दबली होती. पाठ, डोकं, दोन टाचा. माणूस उताणा निजल्याचा पुरा ठसा.

बयाला विचारलं, कोण होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. मग कळलं मला! हा बरा झालाय. पहाटे गुपचूप येतो, माझं काम करून जातो आणि वर ठमाबाईकरवी आजारपणाच्या गोष्टी पसरवतो. याच्याकडे दुसरी किल्ली असणार.

शनिवार, २४ नोव्हेंबर

काल नवं कुलूप आणलं. आज उजाडायच्या आत मी खाली येऊन मोटारीत बसलो, दाराकडे तोंड करून. फटफटलं. बया डोळे चोळत जिना उतरली, पायरीवर बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतलान. दार वर गेलं. माझ्या डोळ्यांसमोर. दोरी कोणी ओढली नाही, नुसती ताठ झाली. आणि धूळ दबली. आधी टाचा, मग पाठ, मग डोकं, जसा माणूस निजतो तसं.

बयानं मोजायला सुरुवात केली. मला उतरता येईना. तीनदा चौदापाशी अडली आणि तीनदा पहिल्यापासून मोजलंन. मग एकदम जमलं. वीस झाले तशी टाळी वाजवून वर पळाली.

मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगू? माझं काम माझ्याआधी होतंय, हे?

सोमवार, २६ नोव्हेंबर

दुपारी तळीयेहून माणूस आला. कुशाबा गेला. बुधवारी, त्रिपुरी पुनवेला. म्हणजे बयानं पहिल्यांदा मोजलं त्याच्या आदल्या दिवशी.

ठमाबाई चुलीपुढं बसून रडते आहे. शेवटपर्यंत एकच बोलत होता म्हणे, दोर नाय बदललान तर मलाच जायाला हवं.

बातमी ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो. बरं वाटलं. जागा सुटली असं वाटलं. मग सकाळचा ठसा आठवला आणि हातातला पाना खाली पडला.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

बयाला अजून कोणी सांगितलेलं नाही. गोड बोलून विचारलं तेव्हा म्हणाली, की कुशाबा रोज येतो, पण आता बोलत नाही. आधी नुसता निजायचा, आता दार दोन्ही हातांवर धरून ठेवतो. दिवसभर धरतो. आई जाते तेव्हा, ठमाबाई जाते तेव्हा. त्याचे हात कापतात, असं म्हणाली. आणि सहदेवला सांगू नको म्हणालाय, तो रागावतो.

बोलत नाही म्हणे, आणि माझ्याबद्दल बरोबर बोलतो!

मेला तरी माणूस जागा सोडत नाही, याला काय म्हणावं? भीती वाटते. पण भीतीपेक्षा पोटातली आग मोठी आहे. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, रोज या दाराला तेल देतो आणि ही पोरगी माझ्याकडे पाठ करून मेलेल्या माणसाला मोजते.

बुधवार, २८ नोव्हेंबर

आमची आई म्हणायची, उंबरठ्यात घोड्याच्या नालेचा खिळा ठोकला की गेलेला माणूस आत येत नाही. नालबंदाकडून खिळा आणला. भर दुपारी, सगळे खळ्यावर असताना, उंबरठ्याच्या मधोमध ठोकला. चार घाव.

चौथ्या घावाला बाहेर रस्त्यावर कोणीतरी श्वास सोडला. लांब. वीस आकडे धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा.

बाहेर कोणी नव्हतं.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

ठसा नाही. दार रात्री ठेवलं तसंच. बया पायरीवर बसून राहिली, ऊन वर आलं तरी. मग रडली. पेज प्यायली नाही. मी जवळ गेलो, म्हटलं माझ्यासाठी मोज, मी पेंढा ठेवतो. ढुंकून बघितलं नाही.

जिंकलो तरी असं का वाटतंय?

पेंढ्याचं गोणपाट ठेवलं, दार वितीवर आणलं, दोरी सोडली. आजवर रोज थांबायचं. आज थांबलं नाही. डावा कोपरा आधी, हळू, मग सगळंच खाली. गोणपाट चेपलं.

दोरी ओढून दार पुरं वर नेलं. डावा दोर कप्पीवर करकरला. शिडी लावली. पहिल्यांदा.

तीन पेडांतले दोन कुजून गेलेले. तिसरा केसांसारखा पिंजलेला. हा दोर गेल्या आठवड्यातच तुटायला हवा होता. वहिनी घागर घेऊन दिवसातून चारदा जातात. बया दहादा—

मग आठ दिवस हे दार कशावर उभं होतं?

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

दार वरच ठेवलं आहे. खाली आणायला गेलो तर कुजका भाग कप्पीवरनं फिरेल आणि सुटेल. खाली सागाचा वासा टेकू दिला. सगळ्यांना सांगितलं, की तेलपाणी चाललंय, दोन दिवस लांबचा वळसा पडला तरी मागच्या परसदारानं जा. जाड दोर इथं मिळत नाही. महाडहून उद्या संध्याकाळच्या मोटारीनं येईल.

दादांना खरं सांगायला हवं होतं. दोनदा तोंडाशी आलं. सांगितलं, की कुशाबा बरोबर ठरतो आणि मी खोटा. उद्या दोर बसवतो, कोणाला कळायचंही नाही. मग हे दार माझं.

खिळा काढला तर तो येईल. धरील. माहीत आहे मला.

नाही काढणार. एक दिवसाचा प्रश्न आहे.

बया विचारत होती, वासा कशाला. कुशाबा कधी वासा लावत नव्हता. वासा लावला म्हणून तो रुसला का. मी म्हटलं, गप बस. ओरडलोच. तिला कारण सांगायला हवं होतं बहुतेक. उद्या सांगेन.

शनिवार, १ डिसेंबर. सकाळ

पडल्या पडल्या लिहितो. वही खिशातच होती. दादांना कळायला हवं.

सगळे खळ्यावर. हाका मारल्या. मोठ्यानं मारता येत नाहीत, छाती—

मोजण्याचा आवाज आला म्हणून धावलो. बया स्वतः निजली होती. उंबरठ्यावर. वासा ढकललेला, तिरका. कुशाबा येत नाही म्हणून मीच निजते, म्हणाली. वर दोर करकरत होता. तिला उचलून पायरीकडे फेकली. तोवर दोर—

दार माझ्यावर आहे. वासा खोबणीत तिरका अडकलाय, म्हणून वीतभर जागा. डावं कोपर दाराला टेकून धरलंय. वासा चिरतोय. ऐकू येतंय.

बयाला काही झालेलं नाही. कोपर खरचटलं फक्त. हे नीट लिहून ठेवतो. बयाला काही झालेलं नाही.

दादा, डावा दोर मी बघितलाच नव्हता. खोटं बोललो. कुशाबा बरो— खोडलं. लिहवत नाही अजूनही.

तिला म्हटलं, जा, खळ्यावर जा, दादांना बोलाव. मान हलवते. मोजताना मधे उठायचं नाही, कुशाबानं सांगितलंय.

कारण ती मोजते आहे. पायरीवर बसलीय, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. माझ्याकडे बघून. माझ्या श्वासाला एक आकडा. श्वास लहान झालेत, म्हणून भरभर मोजते.

बारा. तेरा. अडली. पुन्हा एक.

हसू आलं. दुखलं.

रस्त्याच्या अंगाला, उंबरठ्यापलीकडे कोणीतरी वाकलं आहे. ऊन अडलंय. दोन हात दिसतात. तळवे सोललेले. खिळ्यापाशी येऊन थांबतात. पुढं येत नाहीत. येऊ देत नाही मीच.

खिळा माझ्या उजव्या बोटांशी आहे. हललाय. पेन्सिल सोडली तर धरता येईल. ओढला तर निघेल. तो आत येईल, धरील. मी सुटेन.

आणि ती त्याच्याकडे बघेल.

अकरा. बारा. तेरा.

चौदा.

चौदा म्हणाली! आठवला. मी शिकवलेला. मी—

पंधरा. सोळा. वासा—

काढतो. काढतो खिळा. फक्त वीस होऊ देत. वीस माझ्या नावावर. एकदाच. मग त्याला—

सतरा. कोपर सरकलं. अठरा. हात खिळ्याला लागून थरथरतायत, घाई करतोय तो, सांगतोय मला, मी नाही ऐक—

एकोणी